छपराचा वैद्य

दिवाळी तोंडावर आली की घरोघर रंगाचे डबे येतात. पावसाळ्याने छतावर काढलेला पिवळट डाग, भिंतीला आलेले पोपडे, कोपऱ्यातली बुरशी, सारे काही दोन हात रंगाखाली जाते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरमालकांना आमची एक विनंती आहे. रंगाऱ्याला शिडी लावू देण्यापूर्वी तो डाग एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. वैद्य यायच्या आधीच रोगाची खूण पुसून टाकण्यात शहाणपण नाही.

हे दोन जिल्हे म्हणजे सागवानाचे माहेर. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेले, हे वाचकांना आठवत असेल. इथल्या जुन्या घरांना असेच लाकडी वासे असत आणि वर कवेलू. वानरांनी ते नाचून फोडावेत आणि मृगापूर्वी माणूस बोलावून ते फेरून घ्यावेत, हा दरसालचा रिवाज. तो माणूस मजुरी घेई ती कवेलू फेरण्याची. पण वाळवी लागलेला वासा आणि सरकलेले आढे त्याच्या नजरेतून सुटत नसे. छपराची तपासणी अशी आपोआप होई. पुढे स्लॅब आला, फेरणी गेली आणि तिच्याबरोबर तपासणीही गेली.

स्लॅब गळतो तो पावसाने, अशी आपली समजूत. इकडे मात्र निम्मा अपराध उन्हाचा असतो. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि उघडी गच्ची त्याहूनही पुष्कळ तापते. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत स्लॅबच्या तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर ३३ फूट लांबीचा स्लॅब सुमारे ५ मिलिमीटर वाढतो. ही ओढाताण वर्षानुवर्षे चालली की कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे बारीक भेग पडते. मग पाऊस येतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरते सुमारे ९३ हजार लिटर! त्याला भेग दाखवावी लागत नाही.

अशा वेळी आपण काय करतो? ठेकेदाराला बोलावतो. तो जे काम करतो तेच सुचवतो, आणि ते साहजिकच आहे. औषध विकणाऱ्याला नाडी दाखवल्यावर दुसरे काय होणार? तो म्हणतो, "कोबा टाकू." जुन्या कोब्यावर नवा कोबा चढतो. विटांच्या तुकड्यांच्या चार इंच कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो, म्हणजे हजार फुटांच्या गच्चीवर अठरा टनांच्या पुढे! ओलीने आतल्या सळया आधीच गंजत असतील, तर हे ओझे घेऊन तो स्लॅब उभा राहणार आहे, आणि त्याखाली आपली मुले झोपणार आहेत.

म्हणून आधी सल्लागार, मग ठेकेदार. स्थापत्य अभियंता असावा, काही विकणारा नसावा आणि त्याची फी फक्त आपणच द्यावी. तो गच्चीचा उतार पाहील, कठड्याच्या बुडाशी मारलेला वाटा तपासील, पन्हाळी साफ आहेत की नाहीत ते बघेल. स्लॅबला ते सोसवेल अशी खात्री झाल्यावर बोळे लावून गच्चीवर दीड-दोन इंच पाणी दिवसभर साठवील आणि खाली ओल कुठे उतरते ते पाहील. कधी कधी गच्ची निर्दोष निघते आणि चोर सापडतो तो पाण्याच्या टाकीचा नळ! कारण, जागा, उपाय आणि कामाचे मोजमाप त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि त्याच यादीवर तीन ठेकेदारांचे दर मागवावेत. असे केल्याने दरांची तुलना खरी होते.

सदनिकांत राहणाऱ्यांची कथा निराळी. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड गळतीने हैराण आणि खालचे म्हणतात, "छत तुमचे, तुम्हीच बघा." गच्ची साऱ्या सोसायटीची, तिच्या गळतीचा खर्चही साऱ्यांचा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करून घ्यायची असते. सल्लागाराचा लेखी अहवाल सभेपुढे ठेवला की शेजाऱ्यांची भांडणेही पुष्कळ निवतात.

काम काढायचे ते थंडीत. मे महिन्याच्या उन्हात नवे सिमेंट पाणी मारता मारताच सुकते आणि तडकते. तेव्हा दिवाळीत डागांभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी, थंडीत दुरुस्ती करावी आणि उन्हाळ्यापूर्वी गच्चीला पांढरा चुना द्यावा. त्याने स्लॅब कमी तापतो आणि घरातली दुपारही थोडी सुसह्य होते. छताचा रंग एक वर्ष लांबला तरी लक्ष्मी रुसणार नाही. पणत्या लावायच्या त्या कोरड्या घरात लावू.