व्हॉल्व्ह बदलण्याआधी दाब मोजा

उन्हाळा लागला की फ्रिजच्या कामांत एक तक्रार हमखास वाढते. कूलिंग व्यवस्थित आहे, पण दारातल्या डिस्पेन्सरमधून पाणी येत नाही. किंवा दुरुस्तीनंतर आठवडाभर येते आणि पुन्हा बंद पडते. मागचे पॅनेल उघडायचे, इनलेट व्हॉल्व्ह नवा टाकायचा, त्यानेही भागले नाही तर पीसीबीवर संशय घ्यायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत. दोन्हींचे पैसे ग्राहक भरतो. काढून टाकलेले कितीतरी व्हॉल्व्ह मात्र चांगले असतात, आणि याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

लाइनवर चालणाऱ्या साइड-बाय-साइड फ्रिजचे मॅन्युअल उघडून पाहा. पाण्याचा किमान दाब साधारण 20 पीएसआय, म्हणजे 1.4 बार मागितलेला असतो. काही मॉडेलांना त्याहूनही जास्त लागतो. आपल्या इमारतींत पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरते. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब मिळतो, म्हणजे 1.4 बारसाठी टाकीतले पाणी फ्रिजच्या वर चौदा मीटर हवे. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या सोसायटीत तळमजल्यालाही हा दाब काठावरच मिळतो. वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर तीन-चार मीटर असताना, गेजवर चार ते सहा पीएसआय दिसतील. त्या घरात कितीही व्हॉल्व्ह बदलले तरी काय होणार?

दाब कमी असला की पाणी फक्त बारीक येते, असा समज आहे. खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. या व्हॉल्व्हमध्ये रबरी डायफ्रॅम असतो आणि त्याला एक अगदी बारीक छिद्र असते. त्या छिद्रातून पाणी डायफ्रॅमच्या वरच्या बाजूला जाते आणि तिथला दाबच त्याला खाली बसवून व्हॉल्व्ह बंद ठेवतो. कॉइल फक्त मधले पायलट छिद्र उघडते. म्हणजे उघडणे विजेने आणि बंद होणे पाण्याच्या दाबाने. दाब अपुरा असेल तर डायफ्रॅम नीट बसत नाही आणि थेंब थेंब पाणी पुढे झिरपत राहते. ते फ्रीझरच्या दारातल्या नळीत पोचते आणि गोठते. मग आपण येतो, नळी कोमट पाण्याने मोकळी करतो, धार सुरू होते, बिल होते. झिरपणे तसेच चालू असते, म्हणून आठवड्यात रिपीट कॉल येतो आणि दोष आपल्या हातावर येतो. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि टँकरच्या पाण्यातला गाळ त्या बारीक छिद्रात बसले, तर चांगल्या दाबालाही हेच घडते.

म्हणून पहिला प्रश्न ग्राहकाला विचारा: बर्फ पडतो का? बर्फ नीट पडत असेल तर लाइन आणि फिल्टर बहुधा ठीक आहेत. शोध डिस्पेन्सरच्या बाजूला घ्यायचा. चाइल्ड लॉक, डोअर स्विच आणि पॅडलमागचा मायक्रोस्विच दोन मिनिटांत तपासून होतात. पुष्कळ मॉडेलांत दाराच्या खालच्या बिजागरीपाशी नळीचा जोड असतो. तो सोडवून, खाली भांडे धरून पॅडल दाबा. तिथे जोरात पाणी आले तर अडथळा दाराच्या आत आहे. हीटगन मात्र लावू नका, दाराचे प्लास्टिक वाकडे होते.

बर्फही नाही आणि पाणीही नाही, तर फिल्टर काढून बायपास प्लग लावून पाहा. सहा महिन्यांनी बदलायचा फिल्टर दोन-दोन वर्षे तसाच असतो. व्हॉल्व्हचा बारीक गुंजारव ऐकू येतो पण पाणी नाही, म्हणजे कॉइलला वीज पोचते आहे. पीसीबीला हात लावायचे कारण उरत नाही. आवाजच नसेल तर प्लग काढून मीटर लावा. जुळ्या व्हॉल्व्हच्या दोन कॉइल सारख्याच असतील, तर एकीचा रेझिस्टन्स दुसरीशी ताडून पाहता येतो, तक्ता शोधत बसावे लागत नाही. काही मॉडेलांत कॉइल 12 व्होल्ट डीसीवर चालते. सवयीने 230 व्होल्ट शोधत राहू नका.

आरओचे पाणी फ्रिजला जोडून मागणारे ग्राहक वाढले आहेत. भिंतीवरच्या घरगुती आरओची टाकी आपल्या उंचीने जेवढा दाब देईल तेवढाच, आणि तो नगण्य असतो. पंपाशिवाय ही जोडणी करून देणे म्हणजे पुढची तक्रार आजच नोंदवून ठेवणे.

दारातच टाकी भरून ठेवायचे साधे मॉडेल असेल तर यातले बरेच काही लागू नाही. टाकी जागेवर बसली आहे का आणि खालच्या व्हॉल्व्हच्या रिंगवर क्षार जमले आहेत का, एवढे पाहा.

आमची मागणी एकच आहे: प्रत्येकाच्या पेटीत पाण्याचा प्रेशर गेज असावा. तो फार महाग नाही. नळ बंद असतानाचा दाब मोजा, मग शेजारचा नळ सोडून पुन्हा मोजा, कारण खरी पडझड पाणी वाहताना कळते. दोन्ही आकडे जॉब कार्डवर लिहा आणि ग्राहकाला दाखवा. तपासणीचे पैसे ठणकावून घ्या, ते कष्टाचे आहेत. दाब कमी निघाला तर बूस्टर पंप सुचवा, पण तो टाकीतून येणाऱ्या लाइनवरच. महापालिकेच्या लाइनवर थेट मोटर लावणे बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते. पंप बसवल्यावर गेज पुन्हा लावा. बहुतेक फ्रिजची वरची मर्यादा 120 पीएसआयच्या आसपास असते, तरी जुन्या जोडांचा विचार करून कट-ऑफ बराच खाली ठेवा आणि सुरुवातीचे काही लिटर पाणी वाहू देऊन लाइनमधली हवा काढा.