उत्तर हुमाणातच असावे

रहस्यपट पाहून परतताना ‘दोन तास छान गेले, शेवटी मात्र फसलो’ असे उद्गार आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहेत, स्वतःही काढले आहेत. ही फसगत कशाने होते, याचा थोडा विचार करू.

राज खोसला यांचा ‘वो कौन थी?’ हा चित्रपट १९६४ सालचा. पावसाची रात्र, निर्जन रस्ता आणि शुभ्र वस्त्रांतील अनोळखी स्त्री. पुढे डॉक्टर आनंद लग्न करतो, तो वधूचा चेहरा नेमका तोच! मदनमोहन यांच्या संगीताने अंगावर काटा उभा राहतो. ही स्त्री मानवी की अमानवी, या प्रश्नाने आपण खिळून राहतो. आणि उत्तर काय? तर जुळी बहीण आणि मालमत्तेच्या लोभाने रचलेले कारस्थान! रॉनल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. वाचकाची पूर्वतयारी केल्यावाचून जुळी भावंडे आणू नयेत, हा त्यांतील शेवटचा. उत्तर बाहेरून उसने आणले की विरस होतो, तो असा.

याउलट कमाल अमरोही यांचा ‘महल’ (१९४९) पाहावा. तेथील गूढ स्त्री अखेर माळ्याची मुलगी ठरते. म्हणजे उत्तर त्याच वास्तूत दडलेले असते. शिवाय भुताचे भय सरले, तरी त्या सोंगापायी झालेली माणसांची हानी भरून येत नाही. उलगड्याने कथा लहान होत नाही, अधिक खोल होते.

आमच्या कोंकणी घरांत तिन्हीसांजेला आजी हुमाण घालीत असे. उत्तर ‘नारळ’ असले, तर हुमाणातला प्रत्येक शब्द नारळाला लागू पडे. हरल्याचे वाईट वाटत नसे. ‘अरे, हे आपल्या डोळ्यांपुढेच होते!’ असा आनंद होई. फसणे आणि फसवले जाणे यांतील अंतर आम्हांस तेथेच प्रथम कळले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वह्यांतील कितीतरी कथा ‘आणि मला जाग आली’ या वाक्याने संपतात. संकट रंगवावे तुम्ही आणि निस्तरावे झोपेने, हा कोणता न्याय? दोष तुमचा एकट्याचा नव्हे. तास संपत आला की ‘आटपा, तात्पर्य लिहा’ अशी घाई आम्हीच करतो. यापुढे आम्ही ती करणार नाही. कथा अपुरी राहिली तरी चालेल. परंतु जो प्रश्न तुम्ही स्वतः उभा केला, त्याला पाठ दाखवू नका. प्रश्नाशी प्रामाणिक राहण्याची ही सवय कथेपुरतीच उपयोगी पडते, असे आम्हांस वाटत नाही.