भावाचा सबक, बहिणीचा धडा

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर येरवड्यातल्याच एक अम्मी आम्हाला भेटायला आल्या. मुलगी आठवीत. "टीचर, इसको कुछ याद रहताच नहीं," त्या म्हणाल्या. रात्री अकरा-अकरापर्यंत पुस्तक घेऊन बसते, सकाळी विचारलं की पाटी कोरी. अब्बूंचं म्हणणं, डोकंच नसेल तर पुढच्या वर्षी शाळा कशाला?

मुलगी खाली मान घालून उभी होती. काल काय वाचलंस, विचारलं. "पुणे करार." कुठे झाला? तिला आठवेना. येरवडा तुरुंगावरून रोज शाळेत येणारी मुलगी ही!

बोलता बोलता कळलं की तिचा धाकटा भाऊ हिफ्ज करतो. अकरा पारे झाले. त्याच्या कसं लक्षात राहतं? अम्मी आनंदाने सांगू लागल्या. रोज नवा सबक उस्तादांना ऐकवायचा, मागच्या काही दिवसांची सबकी वेगळी, जुन्या पाऱ्यांची मंजिल वेगळी. शिवाय फजरनंतर त्या स्वतः कुरआन उघडून बसतात आणि त्याचं ऐकतात.

"आणि हिचं कोण ऐकतं?" त्या गप्प झाल्या.

विसरणं हा कमी अकलेचा पुरावा नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपलंच विसरणं मोजलं आणि 1885 साली ते प्रसिद्ध केलं. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून जास्त तासाभरात निसटत होतं, दिवसाअखेर सुमारे दोन तृतीयांश. अर्थ कळलेली गोष्ट इतक्या झपाट्याने जात नाही, पण उजळणी नसेल तर तीही जाते. हदीसमध्ये कुरआन पाठ असणाऱ्याला बांधलेल्या उंटांच्या मालकाची उपमा आहे. लक्ष ठेवलं तर उंट राहतात, सोडले तर निघून जातात. तरावीहमध्ये पक्के हाफिजही अडतात, मागून लुकमा मिळतो, नमाज पुढे चालू राहते. त्यांना कुणी "डोकं नाही" म्हणत नाही.

आपल्या मुली धडा पाच वेळा वाचतात. पाचव्या वेळी तो ओळखीचा वाटतो आणि वाटतं, झालं पाठ. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटून आठवणं वेगळं. आठवायचा प्रयत्न केल्यानेच आठवण पक्की होते, मग त्यात चुका होईनात का. आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी असं अंतर वाढवत विचारावं. रात्री जागवू नये. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. आणि मोबाइल शेजारी वाजत असताना वाचलेलं मुळात डोक्यात शिरलेलंच नसतं, ते विसरणार कुठून? (बदाम जरूर खाऊ घाला, पण बदाम धडा ऐकत नाहीत.)

घरातल्या बुजुर्गांचं मात्र वेगळं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं चालायचंच. पण नेहमीचा रस्ता चुकू लागला, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा आला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. कधी बी-12 कमी असतं, कधी थायरॉइड बिघडलेलं असतं आणि त्यावर उपचार आहेत.

अम्मींची एक अडचण होती. त्यांचं शिक्षण उर्दूतून, सातवीपर्यंत. मराठी पुस्तक वाचता येत नाही, मग ऐकणार काय? आम्ही म्हटलं, वाचू नका. पुस्तक मिटायला लावा आणि तिला म्हणा, "मला समजव." समजलं नाही तर परत विचारा.

परवा मुलगी वर्गाबाहेर थांबली. 20 सप्टेंबर 1932 ला गांधीजींनी तुरुंगात उपोषण सुरू केलं, 24 ला करार झाला, डॉ. आंबेडकरांनी सही केली, राखीव जागा वाढल्या, सगळं तिने एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "टीचर, अम्मी रोज विचारतात, विभक्त मतदारसंघ म्हणजे काय. मला नीट सांगता येत नाही. तुम्ही पुन्हा सांगाल?"