सीट कव्हरखाली गाडलेला पट्टा

पौर्णिमेला कुपवाडहून नरसोबाच्या वाडीला निघालेल्या मोटारीत डोकावून पाहावे. चालकाने पट्टा लावलेला असतो, शेजारच्यानेही बहुधा लावलेला असतो. मागे बसलेली आजी, सून, नातवंडे मात्र मोकळी. अनेक गाड्यांत तर मागचा पट्टा लावू म्हटले तरी लावता येत नाही. नवी गाडी घरी आली की सीट कव्हर चढते आणि पट्टा अडकवायची खाच त्याखाली गाडली जाते.

मागे बसले की धोका नाही, हा समज जीवघेणा आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे, तर ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. दोघेही मागच्या सीटवर होते, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मुंडे यांचा अपघात तर महामार्गावर नव्हे, शहरातल्या रस्त्यावर झाला.

ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीत बसलेला माणूसही त्याच वेगाने पुढे जात असतो. गाडी आदळून थांबते, माणूस थांबत नाही. त्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखेच. मागचा माणूस पुढच्या सीटवर आपटतो, पट्टा लावलेल्या पुढच्यालाही चिरडतो. मांडीवरचे मूल तर आईच्या हातात राहूच शकत नाही.

निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तयार केलेला तीन टोकांचा पट्टा हा धक्का छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर विभागतो. म्हणून खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा; पोटावर असेल तर आतडी व यकृताला इजा होऊ शकते. गर्भवतीने तो पोटाच्या खालून घ्यावा, वरचा पट्टा छातीच्या मधून आणि पोटाच्या बाजूने जावा. गर्भाला जपायचे म्हणून पट्टाच न लावणे ही चूक आहे.

‘सांगली-मिरज पाच-सात किलोमीटर, तेवढ्यासाठी कशाला?’ असे विचारले जाते. पण औद्योगिक वसाहतीच्या वळणावर अचानक पुढे येणारा ट्रक किंवा हंगामात अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली अंतर विचारून येत नाही.

पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित बसवणेही बंधनकारक झाले. पण पोलीस प्रत्येक गाडीत वाकून पाहणार नाहीत. इथे खरे काम कव्हर विकणाऱ्या दुकानदाराचे आणि गॅरेजवाल्याचे आहे. खाचा मोकळ्या ठेवूनच कव्हर बसवावे. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, ब्रेक, टायरसोबत प्रत्येक पट्टा तपासावा: झटका दिल्यावर अडकतो का, कडा उसवल्या आहेत का. मोठ्या अपघातात ताण बसलेला पट्टा बदलावा. इशाऱ्याचा आवाज बंद करणारी खोटी क्लिप मात्र सरळ फेकून द्यावी.

घरच्या गाडीत नियम एकच असावा: मागच्या सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. आजीचा पट्टा लावून देण्याचे काम नातवाकडे सोपवावे, म्हणजे त्यालाही लहानपणापासून सवय लागेल.