मावळा दरवाजात मावेना
अंबरनाथला शिवमंदिराजवळ आम्ही दिवाळीचा किल्ला बांधायचो, तेव्हा मातीचा मावळा बुरुजाहून उंच असायचा. नुसता मांडायचा तर चालतं; लढाई खेळायची तर मापं आणि नियम आलेच. प्रशियाच्या राइसविट्झने 1824 मध्ये लष्करासाठी 1:8000 च्या नकाशावर युद्धखेळ मांडला, गोळीबाराचं नुकसान फाशांवर सोपवलं. लेखक एच. जी. वेल्सच्या 1913 च्या खेळात तोफेला फासा नाहीच. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ खरीच लाकडी कांडी मारायची. आमचंही तेच, फक्त गोटीने. आता विचाराल तर मी दोन फासे घेईन. एका फाशात सहा आणि एक सारखेच येतात. दोन्हींच्या बेरजेत सात 36 पैकी 6 वेळा, बारा एकदाच. मावळ्यांची उंची मात्र तशीच ठेवीन.