चालताना वर बघा (पण आधी थांबा)

'रोज चालता का?' असं दवाखान्यात विचारलं की हल्ली उत्तर आकड्यात येतं. 'सात हजार होतात, डॉक्टर.' 'काल साडेनऊ झाली.' पावलांचा हिशोब अगदी चोख. मग मी विचारतो, 'वाटेत काय दिसलं?' इथे बहुतेक जण गोंधळतात. रोज त्याच रस्त्याने तीन वर्षं जाणाऱ्या माणसाला कोपऱ्यावरच्या इमारतीचा रंग सांगता येत नाही, मजले किती ते सांगता येत नाही. पण मागच्या मंगळवारची पावलं सांगता येतात.

पावलं मोजू नका असं मी म्हणत नाही. फक्त त्या दहा हजारांना फार पवित्र मानू नका. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरातीला गोल आकडा बरा दिसतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते, आणि तेवढं झालं तर हृदय, साखर, रक्तदाब यांच्या बाजूने तुम्ही बरंच कमावलेलं असतं.

पण चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला मी चालायला सांगतो ते निम्मं त्याच्या डोक्यासाठी. आणि तिथे नुसत्या पावलांनी काम भागत नाही, असं माझं मत आहे. चालणं शरीराला इतकं सवयीचं असतं की त्याला लक्ष द्यावंच लागत नाही. पाय आपोआप चालतात, डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात काय शिरतं ते तुम्हाला माहीत आहे. ऑफिसातलं भांडण, घराचा हप्ता, मुलाचे मार्क, भावाने मागच्या गणपतीत बोललेलं वाक्य. तेच तेच विचार पुन्हा पुन्हा चघळणं हे चिंता आणि नैराश्य या दोन्हींचं खतपाणी आहे. सात हजार पावलं चालून माणूस घरी येतो आणि भावाचं ते वाक्यही शंभर वेळा चघळून आलेला असतो. कानात गाणी किंवा बातम्या घालून हे विचार दाबता येतात, पण ते दाबणंच झालं. इयरफोन काढला की ते हजर.

यावर औषध म्हणून 'माइंडफुलनेस' सांगतात. शब्द फार मोठा झालाय, त्याचे वर्ग निघाले, अ‍ॅपची वर्गणी निघाली. साधा अर्थ एवढाच, की शरीर जिथे आहे तिथे लक्षही असू द्यायचं. सहसा सुरुवात श्वासापासून करायला सांगतात. काहींना ते छान जमतं. पण ज्यांना आधीच छातीत धडधडण्याची भीती वाटते, त्यांच्यातल्या कित्येकांना श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड जास्तच जाणवू लागते. अशांना मी लक्ष बाहेर न्यायला सांगतो. बाहेरची एखादी वस्तू धरा. झाड चालेल, पण आपल्या शहरी गल्लीत झाडांपेक्षा इमारती जास्त आहेत. आणि जुनी इमारत या कामाला फार चांगली: ती हलत नाही, उलट बोलत नाही, उद्याही तिथेच असते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२० मधला एक छोटा अभ्यास मला आवडतो. साठीपुढच्या ५२ निरोगी लोकांना आठ आठवडे, दर आठवड्याला निदान एकदा पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. निम्म्यांना जास्तीची एकच सूचना होती: नव्या नजरेने बघा, अचंबा वाटेल असं काहीतरी शोधा. प्रत्येक फेरीत सगळ्यांना स्वतःचा सेल्फी काढायचा होता. शोधत चालणाऱ्यांना हळूहळू जास्त आनंद वाटू लागला. त्यांच्या सेल्फीत हसू रुंदावत गेलं, आणि गंमत म्हणजे फोटोत त्यांनी स्वतःला दिलेली जागा कमी कमी होत गेली, मागचं दृश्य वाढत गेलं. अभ्यास लहान आहे, माणसं निरोगी होती, म्हणून याला नैराश्याचा उपचार समजून गोळ्या बंद करू नका. पण सूचना फुकट आहे आणि तिचा कसलाही साइड इफेक्ट नाही. (एक आहे, तो शेवटी सांगतो.)

'आमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?' हा पुढचा प्रश्न. मुंबईत दादर-माटुंग्याचं उदाहरण घेऊ. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून पारशी कॉलनीत, तिथून फाइव्ह गार्डन्सला एक फेरी मारा. खिडक्यांवरून सलग गेलेला पातळ छज्जा बघा, कोपऱ्यावर आला की तो वळण घेतो. बाल्कन्यांचे कोपरे गोल आहेत, जहाजाच्या डेकसारखे. फाटकाच्या ग्रिलमध्ये उगवता सूर्य आणि त्याचे किरण. जिन्याच्या उभ्या भिंतीला सिमेंटची जाळी. दारावर इमारतीचं नाव, सिमेंटच्या उठावदार अक्षरांत, कधी खाली साल. हीच आर्ट डेको शैली ओव्हल मैदानासमोर आहे, जिला २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. दादरची मंडळी मात्र तिच्याखालून रोज भाजी घेऊन जातात.

आता डॉक्टर म्हणून मला या गल्ल्या जास्त का आवडतात ते सांगतो. त्यांचा जन्म एका साथीतून झाला. १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट, दाट वस्तीतून समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. ट्रस्टने उजेडासाठी एक कोन ठरवला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. साध्या भाषेत, इमारत जितकी उंच, तिच्या साधारण निम्मी मोकळी जागा समोर हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आकाश दिसेल.

यात वैद्यकीय गंमत अशी, की त्या काळच्या अनेकांना प्लेग घाण, ओल आणि कुबट हवेतून होतो असं वाटत होतं. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे कारण चुकीचं धरून उपचार केला. पण तो दुसऱ्याच रोगाला लागू पडला. ऊन आणि खेळती हवा क्षयाचा प्रसार कमी करतात, हे आज आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आता पुन्हा त्या छज्जाकडे बघा. त्याच्यामुळे भर पावसात खिडकी उघडी ठेवता येते. दारावरची झडप गरम हवा बाहेर सोडते. जिन्याची जाळी जिना कोंदू देत नाही. तुम्ही नक्षी बघताय असं तुम्हाला वाटतं, पण निम्मी नक्षी म्हणजे भिंतीवर लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन आहे.

पुण्याच्या पेठांत राहत असाल तर वाड्याचा दिंडी दरवाजा, गणेशपट्टी, लाकडी तुळयांची टोकं बघा. चाळीत राहत असाल तर कठड्याचे नमुने मोजा, दोन चाळींचे सारखे नसतात. अगदी नव्या वसाहतीत असाल तर काम अवघड आहे, हे मान्य करतो. तिथे रस्त्याच्या उंचीवर गाड्यांचं पार्किंग आणि कोरी भिंत असते, डोळ्यांना धरायला काही मिळत नाही. पुनर्विकास हवाच, गळक्या घरात माणसांनी राहावं असं कोण म्हणेल? पण तळमजला रस्त्याकडे पाठ करून का बांधायचा? जुन्या घराला ओटा होता. गुडघे दुखणारी आजी दर दोनशे पावलांवर टेकायला जागा आहे या भरवशावर देवळापर्यंत जायची. ओटे गेले तशी तिची फेरीही बंद झाली. नकाशे मंजूर करताना याचा विचार कुणी करताना मला दिसत नाही, आणि ही माझी खरी तक्रार आहे.

करायचं कसं? रोज एकच गोष्ट निवडा. सोमवारी फक्त खिडक्या, मंगळवारी फक्त जिने, बुधवारी नावांच्या पाट्या. दिसलेल्या एका तपशिलाचं मनात शब्दांत वर्णन करा, 'छज्जाखाली तीन रेघा, मधली जाड'. विचार भरकटतील, ते भरकटले की पुन्हा खिडकीकडे या. फोन खिशात. बघत चालल्याने वेग मंदावतो, म्हणून हृदयासाठीची वीस-पंचवीस मिनिटं आधी झपझप चाला आणि परतीची दहा मिनिटं बघण्यासाठी ठेवा.

आता तो साइड इफेक्ट. आपले फुटपाथ कसे आहेत ते तुम्ही जाणता. चालता चालता वर बघू नका. थांबा, बाजूला व्हा, पाय टेकलेत याची खात्री करा, मग बघा. मान मागे टाकल्यावर गरगरत असेल तर कानाच्या आतल्या दोषाची तपासणी करून घ्या, त्यावर साधा उपाय असतो. मानेचा त्रास असणाऱ्यांनी समोरच्या फुटपाथवर उभं राहून लांबून बघावं. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चश्मा असेल तर खालच्या भागातून पायरी अंधूक दिसते, वरून नजर खाली आणताना तिथेच पाय चुकतो. साठीनंतर मोडलेलं खुब्याचं हाड ही किरकोळ गोष्ट नाही.

घरात कुणाला विसरायला होऊ लागलं असेल तर त्यांना सोबत न्या. अशा माणसांना रस्त्याची नावं आठवत नाहीत, खुणा आठवतात: हिरवं फाटक, गोल बाल्कनी, कोपऱ्यावरचा इराणी. त्या खुणा एकेक करून पत्र्यांच्या कुंपणाआड जातात, आणि वीस वर्षं पायाखालची गल्ली एके दिवशी परकी होते. तुमच्या गल्लीतली पुढची इमारत पाडायला निघण्याआधी त्यांच्याबरोबर तिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा, फोटो काढा, आत कोण राहायचं, जिना कुठल्या बाजूला होता ते त्यांनाच विचारा.