दप्तरं सांभाळायला बसवलेली पोरं

पीटीच्या तासाला मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसलेलं एखादं पोर बहुतेक शाळांत दिसतं. 'गुडघे दुखतात त्याचे, सर्टिफिकेट दिलंय,' सर सांगतात. सर्टिफिकेट असतं पंधरा दिवसांचं, पोर वर्षभर तिथंच.

याला काळजी म्हणतात. मला तर ही सोय वाटते. पडलंबिडलं तर जबाबदारी नको, हा शाळेचा हिशेब. घरी आजी-आई मायेपोटी तेच करतात : पळू नको, जिना चढू नको.

तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं ताज्या जखमेसारखं नसतं. कित्येकदा हाड जुळलेलं असतं, सूज उतरलेली असते, तरी नसा आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतच राहतात. पोराला वाटतं, हललो की आत काहीतरी मोडणार. म्हणून ते बसून राहतं. बसून स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात. मग चार पावलं चाललं तरी जास्त दुखतं आणि भीती आणखी पक्की होते. दुखणं खोटं नसतं बरं का. 'नाटकं करतो' म्हणणाऱ्यांनी तेवढं बंद करावं.

आधी डॉक्टर, हे आहेच. सांधा सुजणं, सकाळी अंग आखडणं, ताप, वजन घटणं, रात्री दुखून जाग येणं यातलं काही असेल तर घरी बसू नका. लहान मुलांनाही संधिवात होतो, हे आपल्याकडे अजून पटत नाही.

डॉक्टरांनी हालचालीला हरकत नाही म्हटलं, की पुढचं काम आपलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या जुनाट वेदनेसाठी तीन गोष्टी आहेत : व्यायाम, मनाचे उपचार आणि औषधं. आपण फक्त तिसरी धरून बसलोय.

आज फाटकापर्यंत चाल. आठवडाभर तेवढंच. मग पारापर्यंत. बरं वाटलं म्हणून त्या दिवशी दुप्पट नाही, दुखलं म्हणून पूर्ण बंदही नाही. आणि दर तासाला 'दुखतंय का रे?' विचारू नका, 'आज काय खेळलास?' विचारा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. शिक्षकांनो, त्या दिवशी हे पोर आवर्जून पुढे करा. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, ही मागणी ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे? तुमच्या शाळेत अशा मुलांचं काय होतं, खाली लिहा. शाळेचं नाव टाकलं नाही तरी चालेल.